पाटल्या सापडल्या, भाऊ दुरावला

इंदूरच्या रामबागेतून एका थोरल्या भावाचे पत्र आले आहे. आईच्या पहिल्या स्मरणदिनाच्या प्रार्थनेला जमलेल्या नातेवाइकांसमोर त्यांनी धाकट्या भावावर तिच्या सोन्याच्या पाटल्या चोरल्याचा आळ घेतला. पुढे त्या जुन्या ट्रंकेत, गोधडीच्या घडीत सापडल्या. चार वर्षे अबोला आहे. देवापाशी आपण कबुली दिली असून आता पुतण्याच्या फीसाठी पाकीट पाठवावे, असे ते म्हणतात. मात्र थोरल्याने धाकट्यापुढे वाकावे का, हा त्यांचा प्रश्न आहे.

दादा, देवापाशी आपण रडलात हे मी खरे मानते. परंतु आळ आपण देवावर घेतला नव्हता. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. भाऊ थोरला की धाकटा, हे त्या वचनात विचारलेलेच नाही. हे ऐकणारे गालीलातले आणि वेदी यरुशलेमेत, म्हणजे परत फिरायचे तर काही दिवसांची पायपीट. आपल्याला भावाकडे, इंदूरमधल्याच विजयनगरपर्यंत जायचे आहे.

पाकिटाचा विचार मला नवा वाटला नाही. थोरला भाऊ एसाव याला मिळायचा बापाचा आशीर्वाद कपटाने लाटणाऱ्या, बायबलमधल्या याकोबाने, एसाव 400 माणसे घेऊन येत आहे हे कळताच, शेळ्या-मेंढ्या, उंट, गाई आणि गाढवे अशी, पिले सोडून, 550 जनावरे पुढे पाठवली. ‘माझ्याजवळ पुष्कळ आहे,’ असे म्हणून एसावाने ती आधी नाकारली. एसाव धावत आला तो, याकोब स्वतः बायकामुलांच्या पुढे होऊन सात वेळा जमिनीपर्यंत लवला तेव्हा. त्या भेटीत ‘माझे चुकले’ हे शब्द याकोबाच्या तोंडी नाहीत, हे खरे. पण आपण घाव शब्दांनीच घातला आहे, म्हणून आपल्याला शब्दही लागतील.

ते कसे असावेत, हे लूकच्या शुभवर्तमानातील, बापाची मालमत्ता उडवून दुष्काळात उपाशी पडलेल्या उधळ्या पुत्राकडून घ्यावे. घरी जाऊन काय बोलायचे हे त्याने वाटेला लागण्याआधीच ठरवले होते, आणि त्यात दुष्काळाची सबब नव्हती की सोबत्यांचे नाव नव्हते. मी पाप केले आहे, आपला पुत्र म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखे ठेवा, एवढेच होते. आपल्या पत्रात मात्र ‘पण’ सहा वेळा आला आहे: पण मी शोकात होतो, पण कपाटाची किल्ली त्याच्याकडेच असे. हे सगळे खरे असेल, तरी ते त्याच्यापुढे उच्चारू नये.

आधी एकटे जाऊन त्याला भेटा. नंतर, त्याची हरकत नसेल तर, ज्यांच्यासमोर आळ घेतला त्याच काका-मावश्यांसमोर तो मागे घ्या, कारण त्याची अब्रू तिथे गेली आहे. येशूला घरी नेणाऱ्या जक्कय या जकातदारानेही, लोक कुरकुर करीत असताना, सर्वांदेखत उभे राहून, लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले होते.

याकोब आणि एसाव गळ्यात पडून रडले, तरी एकत्र राहिले नाहीत. एक सेईरला गेला, दुसरा सुक्कोथला. पुढे बापाला मूठमाती द्यायला मात्र दोघेही होते. आपल्या भावाने नुसता चहा विचारला, तर तो घेऊन उठून या; फीचा विषय त्या दिवशी काढू नका.