वर्षभरातल्या स्वतःच्या लेखनाचा आढावा पहिल्यांदाच लिहिताय?

आठवणीवर विसंबू नका. डोक्यात शेवटचे दोन महिनेच ठळक असतात, जानेवारी पार पुसट झालेला असतो. आधी कॅलेंडर, पाठवलेले ईमेल आणि अर्धवट मसुद्यांचं फोल्डर उघडा, महिनावार दोन-चार ओळी टिपा, मगच लिहायला बसा.

हमखास होणाऱ्या चुका:
- नुसती यशाची यादी. एखादा लेख मध्येच का सोडला, हे जास्त कामाचं असतं.
- ‘खूप शिकायला मिळालं’ असं मोघम लिहिणं. ‘मार्चमध्ये अहवालाला तीन दिवस लागायचे, आता एक लागतो’ असं लिहा.
- इतरांशी तुलना. (वाया गेलेले आठवडे कुणी लिहीत नाही, बरं का!)

नोकरीतलं आणि स्वतःचं लेखन एकाच कागदावर येऊ द्या. ऑफिसच्या रटाळ टिपणांनीच वाक्यं आटोपशीर झाली, हे तिथंच कळतं. तक्ते, गुणांकन पुढच्या वर्षी बघू. यंदा दोन पानं झाली तरी भरपूर.