वाचकांचे प्रश्न : विद्यापीठातलं भौतिकशास्त्र शाळेच्या वर्गात

या वेळच्या टपालात गोव्यातल्या शिक्षकांचे आणि संशोधकांचे एकाच धर्तीचे प्रश्न आले आहेत. विद्यापीठात चालणारं संशोधन शाळकरी मुलांपर्यंत कसं न्यायचं, आणि त्यासाठी परदेशातली सहकार्याची जाळी खरोखर उपयोगी पडतात का? उत्तरं आमच्या भौतिकशास्त्राच्या सल्लागारांनी दिली आहेत.

सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ‘मास्टरक्लास’बद्दल वाचलं. आमच्या हायर सेकंडरीला थेट नाव नोंदवता येईल का? मुलांची तयारी किती लागते, खर्च किती येतो?
— विज्ञान शिक्षिका, डिचोली

थेट नाही, यजमान म्हणून विद्यापीठ किंवा संशोधन संस्था लागते. शाळकरी मुलांना एक दिवस कणभौतिकीच्या खऱ्या नोंदी हाताळू देणारा हा उपक्रम 2005 पासून चालू आहे. कणभौतिकीच्या प्रसारासाठी झालेल्या ‘इप्पॉग’ या आंतरराष्ट्रीय गटाचा तो कार्यक्रम असून त्याची घडी ड्रेस्डेनचं तंत्र विद्यापीठ आणि अमेरिकेतलं क्वार्कनेट हे शिक्षकांचं जाळं बसवतात. विषय जाणणारा माणूस दिवसभर मुलांच्या शेजारी बसला पाहिजे, म्हणून ही अट. तेव्हा पहिलं पत्र परदेशात न पाठवता ताळगाव पठारावर (गोवा विद्यापीठ) किंवा झुआरीनगरला (बिट्स पिलानी) पाठवा. चतुर्थी झाली की लगेच, म्हणजे सप्टेंबरातच. जानेवारीत विचारलंत तर त्या वर्षाचं वेळापत्रक हातातून गेलेलं असेल.

मास्टरक्लासचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल असतो आणि बारावीची परीक्षाही त्याच सुमारास येते. म्हणून अकरावीची मुलं घ्या, चोवीस पुरेत. कार्निव्हलचे दिवस टाळा. सहभागाला शुल्क नाही, खर्च येतो तो बसचा आणि दुपारच्या जेवणाचा. दिवसाच्या शेवटी इतर देशांतल्या मुलांबरोबर व्हिडिओ बैठक होते. तिची वेळ युरोपच्या घड्याळाची असेल तर हिशेब आधी मांडा. जिनिव्हात दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर साडेसात. सत्तरीतून आलेल्या मुलाला त्यानंतर कदंबाची बस मिळणार नाही. एक तर परतीचं वाहन ठरवा, नाही तर आशियाई वेळेची बैठक मिळते का ते नोंदणी करतानाच विचारा.

मुलं करतात काय? दोघांच्या जोडीला सर्नमधल्या प्रत्यक्ष प्रोटॉन टकरींच्या 50 ते 100 नोंदी मिळतात. पडद्यावर डिटेक्टरचं चित्र असतं, त्यातल्या रेषा पाहून इलेक्ट्रॉन कुठला, म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) कुठला, हे ओळखायचं. समजा, दोन विरुद्ध विद्युतभारांचे म्युऑन अगदी पाठीला पाठ लावून निघाले, एकाचा आडवा (किरणअक्षाला काटकोनातला) संवेग 45 आणि दुसऱ्याचा 46 जीईव्ही (गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, कणभौतिकीतलं नेहमीचं एकक). दोन्ही किरणअक्षाशी सारखाच कोन करत असतील तर जनक कणाच्या वस्तुमानाचा वर्ग = 2 × 45 × 46 × 2 = 8,280. वर्गमूळ 91. झेड बोसॉन या कणाचं वस्तुमान 91.2 आहे. हे गणित मुलांनी आधी कागदावर करून पाहावं, मग संगणकाला हात लावावा. अकरावीचा संवेग आणि सदिश एवढ्या भांडवलावर भागतं.

एका जोडीची नोंद 70 येते, दुसरीची 104, आणि सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की आलेखात 91 च्या आसपास उंचवटा उभा राहतो. आमच्या मते सगळ्या दिवसाची किंमत त्या उंचवट्यात आहे. एकट्याचा आकडा डळमळतो आणि शंभरांचा उभा राहतो, हे संशोधनाचं खरं रूप मुलं तिथे डोळ्यांनी पाहतात.

बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं संगणक कक्षात: चित्रं ब्राउझरमध्येच उघडतात, पण जुन्या ग्राफिक्सच्या यंत्रांवर त्रिमिती चित्राऐवजी काळा चौकोन येतो. आठवडाभर आधी एकूण एक यंत्रावर उघडून पाहा, एका यंत्रावर पाहून समाधान मानू नका. दुसरं सकाळच्या व्याख्यानात: पाहुणे दोन तास क्वार्कचा तक्ता समजावतात आणि जेवायच्या आधीच मुलं थकतात. 45 मिनिटं पुरेत. मुलं दहावीपर्यंत विज्ञान इंग्रजीतून शिकलेली असतात, पण शंका मात्र मराठी-कोंकणीतून विचारतात. मदतीला बसवाल ते विद्यार्थी त्याच भाषेत उत्तर देणारे असू द्या.

यजमान मिळालाच नाही तर हात बांधून बसू नका. सर्नचं ओपन डेटा पोर्टल 2014 पासून सर्वांना खुलं आहे. तिथे सीएमएस प्रयोगाची एक लाख दोन-म्युऑन घटनांची साधी सीएसव्ही फाइल मिळते, ती एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडते. आलेख काढताना 1 जीईव्हीचे रुंद कप्पे घेतलेत तर 3.1 जवळचा जे-साय कणाचा सुळका चपटा होतो. तिथे 0.1 चे कप्पे घ्या.

क्लाउड चेंबर (कणांच्या वाटा धुक्यात रेषांनी दाखवणारा डबा) केलं. ड्राय आइस आणलं, धुकं झकास दिसतं, पण रेषा एकही नाही. चूक कुठे?
— बी.एस्सी.चे विद्यार्थी, मडगाव

बहुधा अल्कोहोलमध्ये. औषधाच्या दुकानातलं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल चालत नाही, त्यात पाणी असतं. 99 टक्के किंवा त्याहून शुद्ध हवं, ते प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. त्या अल्कोहोलने वरची फेल्टची पट्टी चिंब भिजली पाहिजे. खालचा काळा धातूचा पत्रा ड्राय आइसला (उणे 78 अंश) सगळीकडून टेकला पाहिजे. बर्फाचे मोठे खडे ठेवलेत तर मध्ये हवा राहते, म्हणून कुटून सपाट थर करा.

दुसरं कारण हवेची गळती. डब्याच्या कडेतून वारा शिरला की धुकं वाहतं आणि थर बसत नाही. खोलीतला पंखा बंद ठेवा, कडा चिकणमातीने किंवा टेपने बुजवा. आपल्याकडची दमट हवा बाहेरून काचेवर दव धरते आणि ते दवच धुकं वाटतं, कापसाच्या बोळ्याने पुसत राहा. आणि धीर धरा, 10 ते 15 मिनिटांच्या आत काही दिसत नाही.

प्रकाश वरून टाकू नका. टॉर्च बाजूने, पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. नजर तळाच्या सेंटिमीटरभर थरावर ठेवा, रेषा तेवढ्यातच उमटतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला वैश्विक किरणांतून आलेला साधारण एक म्युऑन जातो. पण बहुतेक वरून खाली येतात, त्यामुळे त्यांची खूण ठिपक्यासारखी आखूड दिसते. लांब सरळ रेषा तिरप्या म्युऑनच्या. जाड, आखूड, सुरवंटासारखी रेषा दिसली तर तो हवेतल्या रेडॉनचा अल्फा कण.

एक गोष्ट बजावून सांगतो. एक किलो ड्राय आइसपासून पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. खिडक्या उघड्या ठेवा, जाड हातमोजे घाला आणि उरलेला बर्फ झाकण घट्ट लावून बाटलीत कधीही भरू नका, ती फुटते. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून आसपास ज्योत नको.

आमच्या शाळेत एका बाहेरच्या संस्थेने ‘लघुग्रह शोधा’ म्हणून प्रत्येक मुलाकडून पैसे मागितले. हे बरोबर आहे का?
— पालक, पेडणे

अशा मोहिमा चालवणाऱ्या इंटरनॅशनल अॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशनचा कार्यक्रम विनाशुल्क आहे. पॅन-स्टार्स दुर्बिणीची चित्रंही फुकट मिळतात. मधल्या माणसाने प्रशिक्षणाचे पैसे घेतले तर ते नेमकं कशाचे आहेत ते लिहून मागा. शाळेला स्वतःचा गट करून अर्ज करता येतो. अॅस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, तेवढं लक्षात ठेवा.

माझं संशोधन घन पदार्थांवर. कणभौतिकी, खगोल यांतलं मला काही सांगता येत नाही. शाळांसाठी मी काय करू? मस्कतच्या एका शाळेशी आमची ओळख आहे, तिचा उपयोग होईल का?
— साहाय्यक प्राध्यापक, तिसवाडी

होईल, आणि तुमच्यासारख्या माणसाचीच त्यात गरज आहे. पृथ्वीचा परीघ मोजा. मापन आणि त्रुटी यांत तुमचा हात रोजचा आहे आणि शाळांना नेमकं तेच मिळत नाही.

शून्य सावलीचा, म्हणजे सूर्य अगदी डोक्यावर येतो त्या दिवसाचा, मोह सोडा. गोव्यात ती 3 मेच्या सुमारास येते तेव्हा शाळा बंद, आणि 10 ऑगस्टच्या सुमारास येते तेव्हा आकाश बंद. 20 मार्चच्या आसपासचा दिवस घ्या. मस्कतला शुक्रवार-शनिवार सुटी असते, ते दिवस टाळा. दोन्हीकडे 1 मीटरची काठी उभी करा आणि स्थानिक माध्यान्हाला, म्हणजे सावली सर्वांत आखूड होते तेव्हा, ती मोजा. पणजीला ही वेळ दुपारी 12:42 च्या सुमारास येते. मस्कतला तिथल्या घड्याळाने 12:14, म्हणजे आपले 1:44. दोन्ही शाळांनी एकाच क्षणी मोजलं तर सगळा प्रयोग वाया जातो. ही चूक सर्रास होते.

पणजीला सावली 27.7 सेंटिमीटर येईल, म्हणजे कोन 15.5 अंश. मस्कतला 43.7, कोन 23.6 अंश. फरक 8.1 अंश. आता अंतर. गोवा ते मस्कत सरळ अंतर 1,800 किलोमीटरहून जास्त आहे, पण ते घ्यायचं नाही, कारण मस्कत आपल्या बरंच पश्चिमेलाही आहे. फक्त उत्तर-दक्षिण अंतर हवं, ते सुमारे 900 किलोमीटर. ते नकाशाच्या प्रमाणपट्टीने मोजायला सांगा. अक्षांशांवरून काढलंत तर परीघ आधीच गृहीत धरल्यासारखं होईल. 900 × 360 ÷ 8.1 = 40,000.

पहिल्या दिवशी मुलांना 40,000 मिळणार नाहीत, आणि तुमचं काम तिथूनच सुरू होतं. सूर्य अर्ध्या अंशाचा असल्याने सावलीचं टोक जवळपास सेंटिमीटरभर पुसट असतं. टोक धरण्यात अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर कोनात 0.27 अंशाचा आणि उत्तरात 1,300 किलोमीटरचा फरक पडतो. काठी 1 अंशाने कलली तर उत्तर 12 टक्क्यांनी चुकतं. म्हणून काठीशेजारी गवंड्याचा ओळंबा सोडा आणि जमीन पाणसळीने तपासा. पाच मुलांनी वेगवेगळं मोजावं, सरासरी काढावी आणि आकडा त्रुटीसकट मस्कतला कळवावा. त्रुटी न लिहिलेला आकडा स्वीकारायचा नाही, असा नियम दोन्ही शाळांनी आधीच करा.

प्लास्टिक सिंटिलेटरचा (कण आरपार गेला की चमकणाऱ्या प्लास्टिकचा) छोटा म्युऑन मोजणी संच केला आहे. पावसाळ्यात आकडे वरखाली होतात. आंतरराष्ट्रीय कॉस्मिक डेला ते देण्यासारखे आहेत का?
— एम.एस्सी. विद्यार्थिनी, फोंडा

आधी प्रकाशाची गळती बघा. संचावर मोबाइलचा टॉर्च मारा, मोजणी वाढली तर काळी टेप अजून एक फेरा गुंडाळायला हवी. मग तापमान: ती चमक टिपणाऱ्या सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा सिग्नल 10 अंशांच्या फरकाने काही टक्के बदलतो, म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहा. दमटपणासाठी डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. एकटा संच भिंतीतल्या नि जमिनीतल्या गॅमा किरणांनाही मोजतो. दोन संच एकावर एक ठेवून दोघांत एकाच वेळी आलेला सिग्नलच धरा.

5 × 5 सेंटिमीटरचे दोन संच 5 सेंटिमीटर अंतरावर ठेवले तर मिनिटाला साधारण पाच म्युऑन मिळतील. तासाला 300, त्याचं वर्गमूळ 17, म्हणजे 6 टक्के त्रुटी. 60 अंश कलवलंत तर मोजणी चौथाईवर येते आणि तासाभराची त्रुटी 12 टक्के होते. म्हणून प्रत्येक कोनाला एक रात्र द्या. वातावरणाचा दाब एक हेक्टोपास्कलने वाढला तर म्युऑन 0.1 ते 0.2 टक्क्यांनी घटतात. हवेच्या दाबात रोज होणारा नेहमीचा चढउतार या संचाला दिसणार नाही, पण तौक्तेसारखं चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं तर तापमान सांभाळून केलेल्या नोंदींत ते शोधून पाहण्यासारखं आहे.

कॉस्मिक डे जर्मनीतली डेझी प्रयोगशाळा 2012 पासून आयोजित करते, अलीकडे तो नोव्हेंबरात असतो. कोनानुसार मोजणी कशी घटते, हे जगभरचे गट त्यात मोजतात. तो आलेख जरूर द्या, तो संचाच्या कार्यक्षमतेवर फारसा अवलंबून नसतो. निव्वळ मोजणी मात्र इतक्यात तोलू नका. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र दक्षिण भारतावर वैश्विक किरणांना सर्वांत जास्त अडवतं, सुमारे 17 जीव्हीपर्यंत (गिगाव्होल्ट, कण चुंबकीय क्षेत्रात किती कमी वळतो त्याचं माप), त्यामुळे आपल्याकडे म्युऑन युरोपपेक्षा थोडे कमी येतात. तो फरक दहा टक्क्यांच्या आसपासचा. दोन संचांच्या उंबरठ्यातला, म्हणजे किमान केवढा सिग्नल मोजायचा त्या मर्यादेतला, फरक सहज तेवढा असतो. युरोपातल्या गटांशी ताडून पाहायचं असेल तर एकच संच पार्सलने तिकडे पाठवून तिथे आठवडाभर चालवून घ्या, आणि मग तोच परत इथे लावा.