बाबांना कर्ज काढू देऊ नकोस

प्रश्न : ताई, मी मूळचा सांगलीचा. बीएस्सी कॉम्प्युटर करून तीन वर्षं हिंजवडीत लिनक्स सपोर्टला आहे. रात्रपाळी, तिकिटं (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी) आणि जेमतेम पगार. इथला एक क्लास ‘चार क्लाउड सर्टिफिकेशन, शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणून ८५ हजार मागतोय. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. टीममधले सीनियर म्हणतात, सर्टिफिकेटच्या कागदाला कुणी विचारत नाही. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी बाबांना फोन कर आणि कर्ज काढू नका म्हणून सांग. बाकीचं सावकाश बोलू.

ते ८५ हजार क्लासचे आहेत, परीक्षेचे नाहीत. एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडच्या (इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या), सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षेची फी १५० डॉलर, वर कर. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० ला पास. आणि ते सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं, मग पुन्हा नूतनीकरण. चार-चार एकदम घेऊन तू काय करणार आहेस?

तुझ्या सीनियरांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. बारा वर्षं मी इंटरव्ह्यू घेतेय. मागे एक मुलगा आला होता, रेझ्युमेवर तीन सर्टिफिकेशन. मी विचारलं, “डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतंय डिस्क भरली, डीयूची (फाइलींचा आकार मोजणाऱ्या कमांडची) बेरीज निम्मीच येते. काय बघशील?” तो गप्प. नंतर त्यानेच सांगितलं, डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्न-उत्तरं, पाठ करून परीक्षा दिल्या होत्या. फार वाईट वाटलं, कारण त्यासाठी घरच्यांचे पैसे गेले होते. तुला मात्र हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल: फाइल डिलीट झालीय, पण कुठल्या तरी प्रोसेसने ती अजून उघडी धरलीय, एलएसओएफ (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) लावून बघ. ही तुझी तीन वर्षांची कमाई आहे, तिला कमी लेखू नकोस.

पण कागदाला कुणीच विचारत नाही, हे खरं नाही. सर्व्हिस कंपन्यांना क्लाउडवाल्यांकडे पार्टनरचा वरचा दर्जा हवा असेल तर सर्टिफाइड माणसं मोजून दाखवावी लागतात. म्हणून बऱ्याच कंपन्या पास झाल्यावर फी परत देतात. मॅनेजरला विचारलंस का? नसेल तर उद्याच विचार. शिवाय सपोर्टमधून क्लाउडकडे वळताना एचआरच्या चाळणीतून रेझ्युमे पुढे जायला त्याचा उपयोग होतो.

माझं ऐकशील तर आधी आरएचसीएसए, म्हणजे रेड हॅट कंपनीची लिनक्सची परीक्षा दे, ते तुझ्या रोजच्या कामाचंच आहे. त्यात पर्यायांवर टिचक्या मारायच्या नसतात; समोर मशीन असतं आणि काम करून दाखवायचं असतं. केलेलं सगळं रीबूटनंतरही टिकलं तरच गुण. मी ती २०११ साली दिली. घरी सराव करताना एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) एक अक्षर चुकलं आणि मशीन बूटच होईना. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. तेव्हापासून त्या फाइलला हात लावला की रीबूटच्या आधी ‘माउंट -ए’ (त्या फाइलप्रमाणे डिस्क जोडून बघणारी कमांड) चालवल्याशिवाय मला चैन पडत नाही. परीक्षेच्या तयारीने लावलेली ही सवय आजही रोज कामाला येते.

सरावासाठी जुन्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारे कॉम्प्युटर) टाक. रेड हॅटसारखंच असलेलं रॉकी किंवा अल्मा लिनक्स फुकट मिळतं. त्यानंतर एडब्ल्यूएसचं ते एक असोसिएट, बास. तिथे खातं उघडलंस की सगळ्यात आधी बजेट अलर्ट लाव; चुकून चालू राहिलेल्या एनएटी गेटवेचं (तिथल्या खासगी सर्व्हरना इंटरनेटशी जोडणाऱ्या सेवेचं) बिल शिकणारा म्हणून माफ होईल, असं धरून चालू नकोस.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ त्या क्लासकडून लेखी मागून बघ, काय म्हणतात ते कळव. आणि आज रात्री जे तिकीट सोडवशील, ते काय बिघडलं होतं आणि तू कसं शोधलंस, ते तारखेसकट वहीत लिहायला लाग. माझ्यासमोर इंटरव्ह्यूला बसलास तर मी तेच विचारीन.