‘वेल्थ’ म्हणजे संपत्तीच?

भाषांतराला नुकताच लागला आहेस म्हणून सांगतो. ‘वेल्थ’ दिसलं की ‘संपत्ती’ लिहून मोकळा होऊ नकोस. बँकेच्या माहितीपत्रकात चालेल, जुन्या इंग्रजीत फसशील. मूळ शब्द ‘वील’, म्हणजे सुख, बरं चाललेलं असणं. त्याला ‘हेल्थ’सारखं शेपूट लागलं. १६११च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलात ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना सांगतो, स्वतःचं नको, दुसऱ्याचं ‘वेल्थ’ बघा. तिथे ‘दुसऱ्याची संपत्ती बघा’ लिहिलंस तर पौल चोरीच शिकवतोय असं वाटेल! तिथे ‘हित’ हवं. ‘कॉमनवेल्थ’मध्येही तोच अर्थ: सर्वांचं भलं. मीही एकदा ‘सामायिक संपत्ती’ लिहून संपादकांची लाल शाई खाल्ली आहे. आधी मजकुराचं साल बघ, मग कोश उघड.