बाबांना रेक्टमचा (गुदाशयाचा) कॅन्सर आहे, इम्युनोथेरपी दिली तर ऑपरेशन आणि पोटावरची शौचाची पिशवी टळेल का?

मी डॉक्टर नाही, कणकवलीजवळ आमची काजूची बाग आहे, पण माझ्या थोरल्या भावाला हाच आजार झाला म्हणून लिहितोय. आधी बाबांच्या बायोप्सी रिपोर्टमध्ये एमएमआर किंवा एमएसआय (गाठीत डीएनएची दुरुस्ती नीट होते का ते सांगणाऱ्या टेस्ट) असं काही लिहिलंय का बघा, नसेल तर उद्याच डॉक्टरांना विचारा. सगळं त्यावरच आहे.

नुसत्या इम्युनोथेरपीने गाठ गेल्याची तुम्ही वाचलेली बातमी खरी आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये डॉस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दर तीन आठवड्यांनी असं सहा महिने दिलं, २०२२ मध्ये पहिल्या १२ जणांची गाठ पूर्ण गेली, २०२५ मध्ये ४९ पैकी ४९ जणांची, ना रेडिएशन ना ऑपरेशन. पण ते सगळे एमएमआर डेफिशियंट होते, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रोटीनंच बिघडलेली, चुका साठत जातात आणि गाठ शरीराला परकी दिसायला लागते, मग औषधाने प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढला की आपल्याच प्रतिकाराच्या पेशी तिच्यावर तुटून पडतात. रेक्टमच्या कॅन्सरमध्ये असे पेशंट शंभरात पाच-दहाच.

दादाचं आधी चार महिने मूळव्याध म्हणूनच चाललं, रक्त पडतंय ना मग सुरण खा, मलम लावा. निदान झाल्यावर आम्ही त्या इंजेक्शनच्या मागे लागलो, बाग गहाण टाकायची बोलणी झाली, आणि टेस्ट मात्र केलीच नव्हती! शेवटी लॅबमधून बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक मागून घेतला, तुतारी एक्सप्रेसने मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये नेला. दुरुस्तीची चारही प्रोटीनं शाबूत निघाली, म्हणजे ते औषध त्याच्या कामाचं नव्हतं. वहिनी तिथेच खाली बसली. मग रेडिएशन, केमो, ऑपरेशन, पिशवी. आज दादा बागेत येतो, पिशवी स्वतः बदलतो, पण ते वाया गेलेले दिवस मला अजून टोचतात.

म्हणून टेस्ट नॉर्मल आली तर रेडिएशन-केमो लांबवू नका, त्यानेही काहींची गाठ पूर्ण जाते आणि डॉक्टर नुसतं लक्ष ठेवून ऑपरेशन थांबवू शकतात. डेफिशियंट आली तर इम्युनोथेरपी कुठे मिळेल ते मोठ्या सेंटरला विचारा, आणि लिंच सिंड्रोमची (असे कॅन्सर होण्याचा धोका वाढवणारा जनुकातला दोष) तपासणीही विचारा, तो घराण्यात उतरतो, तो निघाला तर तुम्हा भावंडांची पण कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी) लागू शकते.