बँड सोडला तर मित्र सुटतील

“मॅडम, तुम्हीच सांगा याला. माझं ऐकनाच गेलाय.”

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वडील अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. शेजारी बारावीतला मुलगा, मान खाली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बालवाडीपासूनच्या चौघा मित्रांनी रॉक बँड काढला होता. याच्याकडे बेस गिटार. ड्रमवाला लहानपणापासून वरातीत हलगी वाजवणारा, गाणाऱ्याचा गळा भजनी मंडळात तयार झालेला. एका बंद जिनिंगच्या पत्र्याच्या खोलीत रात्री दोन-दोनपर्यंत सराव चाले. चाचणीत फिजिक्स कसंबसं निघालं, तेव्हा वडिलांनी गिटार गोदामात कुलूप लावून ठेवली. पोरानं दुसरी उसनी आणली.

बँडपायी शिक्षण बुडेल का, ही काळजी घेऊन बरेच पालक येतात. ती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी या दुकानाच्या उधारीच्या वहीत वसुलीची बाजू जवळजवळ कोरडी राहिली होती. पावसावर न अवलंबणारी मिळकत मुलाच्या हाती यावी, एवढंच त्या माणसाला हवं होतं.

मुलाशी एकट्यानं बोलले. ‘बँड की अभ्यास’ हे विचारलंच नाही, कारण त्याचं उत्तर त्यानं घरातूनच पाठ करून आणलं होतं. विचारलं, “रात्री दोनला घरी परतताना मनात काय असतं रे?”

बराच वेळ गेला.

“लई थकायलोय मॅडम. कान गुणगुणतेत. मलाच ‘नीट’ द्यायचीय. पण आता थांबलो तर पप्पा जिंकले असं होईल. आन् ते तिघं म्हणतील, हा फुटला.”

अभ्यास त्याला हवाच होता. वडिलांच्या कुलपानं मात्र थांबण्याची वाट बंद केली होती. बंदी आल्यावर थांबणं म्हणजे शरण जाणं, आणि सतराव्या वर्षी मित्रांदेखत शरण जाणं मुलांना फार जड जातं. त्यातून त्याला खरी भीती गिटार सुटण्याची नव्हती. पहिलीपासून एकाच डब्यात जेवलेले तिघं सुटतील, याची होती.

त्याला मी रेडिओहेड या गाजलेल्या रॉक बँडची हकीगत सांगितली. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या शाळेत १९८५ साली पाच मुलांनी बँड काढला. सराव शुक्रवारी, म्हणून नाव ‘ऑन अ फ्रायडे’. पुढे मुलं शिक्षणासाठी पांगली, पण सुट्ट्यांत जमून वाजवत राहिली. रेकॉर्ड कंपनीचा करार मिळाला तो १९९१ साली, आणि मग नाव बदललं. ते पाचही जण आजही एकत्र आहेत. असं यश फार थोड्यांना मिळतं, हेही सांगितलं. पण मला त्याला यश दाखवायचं नव्हतं, मधली ती सहा वर्षं दाखवायची होती.

सराव कमी करायचाय, हे मित्रांना सांगणं त्याला सोपं गेलं नाही. ड्रमवाल्यानं लगेच मान्य केलं. गाणारा “आधीच बोलला असतास तर” म्हणत उठून गेला आणि तीन आठवडे बोलला नाही. त्या तीन आठवड्यांत मुलाचा अभ्यासही नीट झाला नाही, हे मी पालकांपासून लपवलं नाही. मग एका संध्याकाळी गाणाराच घरी आला. ठरलं ते असं: रविवारी दुपारी तीन तास सराव, परीक्षेआधीचे दोन महिने सुट्टी, आणि कानात इअरप्लग. बंद पत्र्याच्या खोलीत ड्रमचा आवाज १०० डेसिबलच्या घरात सहज जातो, आणि एवढा आवाज रोज तासन् तास सोसला की कान कायमचे अधू होऊ शकतात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून आवाज बाहेर जायचा थांबत नाही, हेही पोरांना तेव्हाच कळलं.

वडिलांना मी एकच काम दिलं. गिटार त्यांनी स्वतःच्या हातानं परत द्यायची.

“आन् परत रात्र-रात्र वाजवली तर?”

“तर विचारा, काय झालं म्हणून. कुलूप नका लावू.”

पालकांनो, झोप सलग उडाली, कॉलेज बुडायला लागलं, पैसे गायब होऊ लागले, नशेचा वास आला किंवा पोरगं मित्रांतूनही उठून एकटं बसू लागलं, तर थांबू नका, लगेच या. नुसत्या गिटारीला मात्र एवढं घाबरू नका. त्या खोलीत एकदा जाऊन बसा.

पुढच्या भेटीत वडील जरा अवघडून बोलले. गिटार द्यायला गोदाम उघडलं, तर तिला चारच तारा दिसल्या. दुसऱ्या पोराच्या गिटारीला सहा असतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आपल्या पोत्यांखाली दोन तुटल्या, असं वाटून ते कुणालाही न सांगता लातूरला वाद्यांच्या दुकानात दोन तारा घ्यायला गेले होते. बेसला सहसा चारच असतात, हे दुकानदारानं सांगितलं.

मुलाला हे ठाऊक नव्हतं. तो मान वर करून वडिलांकडे बघत राहिला.