पद्मिनी घाटात गचके खातेय? आधी हे तपास

भावा, यवतेश्वर घाटाच्या चढाला जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी गचके खाते म्हणून लगेच कार्बोरेटर (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा भाग) खोलायला बसू नकोस. आधी स्पार्क प्लग आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप बघ, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही तपास. तिथं सगळं ठीक असेल तर गचके खाताना चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारा) थोडा ओढ. गाडी सुधारली, तर इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. म्हणजे कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) कचरा, नाहीतर कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय.

बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठणाऱ्या फ्लोट चेंबरच्या तळाशी चिकट, तपकिरी थर राहतो. जेटमध्ये तार किंवा सुई कधीच घालू नकोस! पितळ मऊ असतं, भोक जरा मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडलं. जेट क्लीनरमध्ये भिजव आणि हवा मार. फ्लोट (चेंबरमधला पोकळ तरंगता भाग) कानाशी धरून हलव. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, बदलच.

हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं, म्हणून कार्बोरेटर दुरुस्तीचं किट घेताना इथेनॉल सोसणारंच माग, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आयडलिंगचं (गाडी उभी असतानाच्या इंजिनच्या वेगाचं) सेटिंग मात्र इंजिन चांगलं तापल्यावरच कर.